मजकूर मावला नाही तर

सी भाषेत स्ट्रिंग नावाचा प्रकारच नाही. पूर्ण संख्या आहे, दशांश संख्या आहे, एका अक्षरापुरता एक बाइट आहे. पण सलग मजकूर म्हणून आपण जे वापरतो ती निव्वळ एक रूढी आहे. बाइट एकापुढे एक मांडायचे आणि मजकूर संपला की शून्य किमतीचा एक बाइट ठेवायचा. वाचणाऱ्याने पहिल्या बाइटच्या पत्त्यापासून निघायचं आणि शून्य भेटेपर्यंत पुढे जात राहायचं. मजकूर किती लांब आहे हे कुठेही लिहिलेलं नसतं. तो ज्या जागेत ठेवला आहे ती जागा केवढी, याची नोंद तर मजकुरासोबत कधीच नसते.

'महाराष्ट्र' हा शब्द घेऊ. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना तो 4 अक्षरांचा दिसतो: म, हा, रा, ष्ट्र. युनिकोडच्या हिशेबात तो 10 चिन्हांचा आहे, कारण काना आणि जोडाक्षरातला पायमोड यांची मोजणी वेगळी होते. यूटीएफ-8 पद्धतीने मेमरीत ठेवताना देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात, म्हणजे 30 बाइट झाले. शेवटचं शून्य धरून 31. ज्याने या शब्दासाठी नेमके 30 बाइट राखले, त्याचं ते शून्य शेजारच्या जागेत पडतं. तिथे आधीपासून काय होतं यावर पुढचं सगळं अवलंबून. कधी काहीच बिघडत नाही, कधी कार्यक्रम तीन तासांनी भलत्याच ठिकाणी कोसळतो.

ही रूढी आळसातून आलेली नाही. बीसीपीएल या आधीच्या भाषेत स्ट्रिंगच्या पहिल्याच बाइटमध्ये तिची लांबी लिहिलेली असे. केन टॉम्प्सन यांनी बीसीपीएलवरून 'बी' भाषा केली तेव्हा त्यांनी लांबी काढून टाकली आणि शेवटी खुणेचं चिन्ह ठेवलं. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये बीवरून सी घडवताना तीच पद्धत पुढे चालवली. रिची यांनी 1993 साली सीच्या जडणघडणीवर जो निबंध वाचला, त्यात याची दोन कारणं दिली आहेत. लांबी एका छोट्या खान्यात कोंबली की मजकुराच्या लांबीवर मर्यादा येते. 8 बिटांत 255 च्या पुढे मोजता येत नाही. दुसरं म्हणजे, दरवेळी मोजदाद सांभाळण्यापेक्षा शेवटची खूण ठेवणं त्यांना अनुभवाने सोयीचं वाटलं. त्या काळच्या यंत्रांवर एकेका बाइटची किंमत होती आणि कोड लिहिणारे, वापरणारे, दुरुस्त करणारे एकाच मजल्यावर बसणारे होते. त्या परिस्थितीत हा निर्णय मला तरी गैर वाटत नाही. पुढे ही भाषा अनोळखी माणसांकडून आलेला मजकूर हाताळू लागली, तिथून अडचण सुरू झाली.

मजकुराची नक्कल करण्यासाठी सीमध्ये जे मूळ फंक्शन आहे त्याला प्रोग्रामर बोलताना 'स्ट्रकॉपी' म्हणतात. त्याला दोनच गोष्टी सांगायच्या: कुठे ठेवायचं आणि कुठून घ्यायचं. ते एकेक बाइट उचलतं, पलीकडे ठेवतं, शून्य दिसलं की तेही ठेवतं आणि थांबतं. पलीकडे जागा किती आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं, त्यामुळे काळजी घ्यायची म्हटली तरी त्याला ती घेता येत नाही. दोन मजकूर जोडणारं 'स्ट्रकॅट' याच जातीचं. आधी पहिल्या मजकुराचं शून्य शोधायचं, त्या शून्यावरच दुसऱ्याचा पहिला बाइट ठेवायचा आणि पुढे तसंच.

जागा संपली तरी लिहिणं चालू राहिलं की काय होतं? फंक्शनमधले तात्पुरते बफर, म्हणजे मजकुरासाठी राखलेल्या जागा, स्टॅक नावाच्या भागात असतात. त्याच भागात, बहुतेक यंत्रांवर बफरच्या थोडं पुढे, हे फंक्शन संपल्यावर कुठे परत जायचं तो पत्ता लिहून ठेवलेला असतो. मजकूर बफरबाहेर सांडला की तो या पत्त्यावर जातो. मजकूर जर विचारपूर्वक रचलेला असेल, तर त्या पत्त्याच्या जागी पाठवणाऱ्याने ठरवलेला पत्ता बसतो आणि यंत्र त्याचे हुकूम पाळू लागतं.

हे कागदावरचं भय नव्हे. 2 नोव्हेंबर 1988 रोजी कॉर्नेल विद्यापीठातला विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने सोडलेला वर्म इंटरनेटवर पसरला. तो ज्या वाटांनी शिरत होता त्यातली एक वाट 'फिंगर' नावाच्या साध्या सेवेतून जात होती. कोणत्या संगणकावर कोण काम करतंय हे सांगणारी ती सेवा. ती समोरून आलेली ओळ वाचायला 'गेट्स' नावाचं फंक्शन वापरत होती आणि त्यालाही जागेचा आकार सांगायची सोय नव्हती. बफर 512 बाइटचा होता. वर्मने 536 बाइट पाठवले. वरच्या 24 बाइटांनी व्हॅक्स संगणकांवर परतीचा पत्ता बदलला आणि काम फत्ते झालं. त्या वेळच्या इंटरनेटवर सुमारे 60,000 यंत्रं होती असं मानलं जातं आणि त्यातली हजारो अडकली. 'गेट्स' सीच्या प्रमाणित लायब्ररीतून अखेर काढून टाकलं गेलं ते 2011 च्या आवृत्तीत. मधली 23 वर्षं पाठ्यपुस्तकांतून ते शिकवलं जात होतं, आपल्याकडच्या कॉलेजांतल्या प्रयोगवह्यांतही.

या सांडण्यावर जे बचाव निघाले त्यातला एक फार सुंदर आहे. परतीच्या पत्त्याच्या अलीकडे एक गुप्त आकडा ठेवायचा आणि फंक्शन संपताना तो बदलला आहे का हे पाहायचं. बदलला असेल तर मधून काहीतरी वाहून गेलंय, कार्यक्रम तिथेच थांबवायचा. खाणीतल्या विषारी वायूची चाहूल देणाऱ्या पक्ष्यावरून या आकड्याला 'कॅनरी' म्हणतात. 1998 मध्ये स्टॅकगार्ड या प्रकल्पाने ही कल्पना रूढ केली. आजच्या 64 बिटांच्या लिनक्सवर या आकड्याचा पहिला बाइट मुद्दाम शून्य ठेवतात. कारण हल्लेखोराला आकडा कळला, तरी तो जसाच्या तसा पुन्हा लिहिण्यासाठी त्याला मजकुरात शून्य घालावं लागेल आणि शून्य दिसलं की स्ट्रकॉपी थांबणार. ज्या रूढीने भगदाड पाडलं तिचाच इथे अडसर केला आहे.

पण कॅनरी ओरडते ती नुकसान झाल्यावर. मुळात सांडूच नये यासाठी प्रोग्रामरांनी सर्वात आधी हात घातला तो 'स्ट्रएनकॉपी'ला आणि तिथे त्यांची फसगत झाली. नाव पाहून वाटतं की हे स्ट्रकॉपीचं सुरक्षित रूप, कारण यात जास्तीत जास्त किती बाइट लिहायचे हे सांगता येतं. प्रत्यक्षात ते वेगळ्याच कामासाठी जन्माला आलं. जुन्या युनिक्समध्ये फोल्डरातली प्रत्येक नोंद 16 बाइटची असे: 2 बाइट क्रमांकाला, 14 बाइट फाइलच्या नावाला. बँकेच्या अर्जावर नावासाठी एकेका अक्षराच्या चौकटी छापलेल्या असतात, तशी ती 14 घरं. नाव लहान असेल तर उरलेली सगळी घरं शून्याने भरायची, आणि नाव बरोबर 14 अक्षरी असेल तर शेवटी शून्य ठेवायची गरज नाही, कारण चौकटी संपल्या की नाव संपलंच. त्या कामासाठी हे वागणं अचूक आहे.

सर्वसाधारण मजकुरासाठी मात्र ते दोन्ही बाजूंनी अंगाशी येतं. मजकूर मोठा निघाला तर शेवटी शून्य ठेवलंच जात नाही. पुढे जो कुणी तो वाचेल तो बफर ओलांडून शेजारच्या मेमरीत शिरेल. मजकूर छोटा आणि बफर 4096 बाइटचा असेल, तर दहा बाइटच्या नावामागे हजारो शून्यं विनाकारण लिहिली जातात. म्हणून मग 'शेवटच्या घरात हाताने शून्य ठेवा' असा मंत्र रुजला. तो एका जागी विसरला की पुन्हा तेच. जोडणाऱ्या 'स्ट्रएनकॅट'चा नियम तर आणखी निराळा. त्याला द्यायचा आकडा हा बफरचा आकार नसतो, उरलेली जागा वजा एक असा तो काढावा लागतो, कारण शून्य ते मोजणीबाहेर स्वतःहून ठेवतं. एकाच कुटुंबातली दोन फंक्शनं, तिसऱ्या जागी येणाऱ्या आकड्याचा अर्थ दोन्हींत वेगळा. हजारो ठिकाणी लोकांनी बफरचा पूर्ण आकार दिला, आणि कंपायलरने हूं की चूं केलं नाही.

स्ट्रकॅटचा एक दोष सुरक्षेचा नाही, वेगाचा आहे. प्रत्येक वेळी जोडताना ते आधीचा सगळा मजकूर पहिल्यापासून चालत जाऊन शून्य शोधतं. शंभर तुकडे जोडायचे तर पहिला तुकडा जवळजवळ शंभरदा ओलांडला जातो. तुकडे दुप्पट झाले की श्रम चौपट. शून्यापर्यंत चालत जाण्याच्या याच सवयीचा गाजलेला दाखला 2021 चा आहे. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन' हा खेळ सुरू व्हायला कित्येक मिनिटं लागत. एका खेळाडूने आतली यंत्रणा उलगडून पाहिली तेव्हा कळलं की सुमारे 10 मेगाबाइटची एक यादी वाचताना प्रत्येक छोट्या तुकड्यासाठी उरलेल्या संपूर्ण मजकुराची लांबी नव्याने मोजली जात होती. यादीत सुमारे 63,000 वस्तू. ही आणि आणखी एक अशीच गफलत दूर केल्यावर लागणारा वेळ जवळपास 70 टक्क्यांनी उतरला. रॉकस्टार कंपनीने ही दुरुस्ती स्वीकारली आणि त्याला 10,000 डॉलर दिले. लांबी एकदाच मोजून जवळ ठेवली असती तर यातलं काहीच घडलं नसतं.

सुरक्षेच्या बाजूने पहिला नीट विचार केलेला पर्याय आला ओपनबीएसडी या कार्यप्रणालीतून. टॉड मिलर आणि थिओ दे राड्ट यांनी 1998 मध्ये 'स्ट्रएलकॉपी' आणि 'स्ट्रएलकॅट' ही जोडी आणली आणि पुढच्या वर्षी युसेनिक्सच्या परिषदेत तिच्यावर निबंध मांडला. तिच्यात तीन गोष्टी सरळ केल्या आहेत. दोन्ही फंक्शनांना बफरचा पूर्ण आकार द्यायचा, वजाबाकी करायची नाही. आकार शून्य नसेल तर शेवटी शून्य ठेवलं जाणारच. आणि परत मिळणारा आकडा म्हणजे पूर्ण मजकूर बसवायचा झाला असता तर त्याची लांबी किती झाली असती, तो. हा आकडा बफरच्या आकाराएवढा किंवा मोठा असेल तर मजकूर कापला गेला, हे एका तुलनेत कळतं.

एवढी सरळ गोष्ट लिनक्सच्या मुख्य सी लायब्ररीत, ग्लिबसीत यायला मात्र 25 वर्षं गेली. 2000 साली तिथले मुख्य देखभालकर्ते उलरिक ड्रेपर यांनी ती घ्यायला कडक शब्दांत नकार दिला. आपण हाताळत असलेल्या मजकुराची लांबी प्रोग्रामरला ठाऊक असलीच पाहिजे, आणि ठाऊक असेल तर थेट मेमरीची नक्कल करणारं फंक्शन वापरावं. मजकूर गुपचूप कापणारी सोय चुका झाकते, असं त्यांचं म्हणणं होतं. मला या वादात दोन्ही बाजूंविषयी आदर वाटतो. ड्रेपर यांचं निदान खरं होतं: लांबी जवळ नसणं हाच मूळ रोग आहे. पण लाखो ओळींचा जुना कोड समोर असताना 'लांबी ठाऊक ठेवा' एवढं सांगून तो बरा होत नाही. शेकडो प्रकल्पांनी ही दोन फंक्शनं आपापल्या घरी उतरवून घेतली, आणि अखेर ऑगस्ट 2023 मध्ये ग्लिबसीच्या 2.38 आवृत्तीत ती आली. 2024 च्या पॉझिक्स प्रमाणातही आहेत.

गंमत अशी की त्याच सुमारास लिनक्सच्या कर्नेलने स्ट्रएलकॉपी काढून टाकलं. 2024 च्या 6.8 आवृत्तीपासून ते तिथे नाही. कारण परतीच्या आकड्यात दडलेलं आहे. पूर्ण मजकुराची लांबी सांगायची तर तो शेवटपर्यंत वाचावा लागतो, बफरमध्ये दहाच बाइट मावणार असले तरी. मूळ मजकूर एक मेगाबाइटचा असेल तर सगळा वाचायचा, आणि त्याला शेवटी शून्यच नसेल तर वाचणं पलीकडे जातं. कर्नेलमध्ये असा अविश्वासू मजकूर रोजचा. म्हणून तिथे 2015 मध्ये 'स्ट्रएसकॉपी' आणलं गेलं. ते मावेल तेवढंच वाचतं आणि कापावं लागलं तर ऋण आकडा परत देतं. ऋण आकडा म्हणजे चूक, ही कर्नेलमधल्या प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेली खूण आहे, त्यामुळे तो दुर्लक्षिला जाण्याची शक्यता कमी. मायक्रोसॉफ्टच्या पुढाकाराने सीच्या 2011 प्रमाणात ऐच्छिक म्हणून आलेली आणखी एक फंक्शनमाला आहे. ती फारशा लायब्ररींनी स्वीकारली नाही, म्हणून तिच्यात शिरत नाही.

इतकी नावं पाहिल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते. ही सगळी फंक्शनं सांडणं थांबवतात. मजकूर मावला नाही तर पुढे काय, हे त्यातलं एकही ठरवू शकत नाही. ते ठरवायचं काम लिहिणाऱ्याचं, आणि बहुतेक कोडात तो प्रश्न विचारलेलाच नसतो. पडद्यावर शीर्षक दाखवायचं असेल तर कापलेलं चालेल. फाइलचा पत्ता तयार होत असेल तर अजिबात चालणार नाही. बॅकअपच्या फोल्डरातला एक जुना उपफोल्डर पुसायचा आहे आणि जोडलेला पत्ता नेमका उपफोल्डरच्या नावाआधी कापला गेला, तर पुसला जाईल तो अख्खा बॅकअप. इथे बफर सांडला नाही, मेमरी सुरक्षित राहिली, कुठलीही तपासणी ओरडली नाही, आणि माहिती गेली. असा पत्ता पूर्ण झाला नाही तर काम तिथेच सोडून चूक कळवणं, एवढाच योग्य मार्ग आहे.

कापण्याचा आपल्या लिपीशी फार जवळचा संबंध आहे आणि मराठी प्रोग्रामरांनी तो स्वतःचा प्रश्न म्हणून घ्यायला हवा. नावासाठी 32 बाइटचा खाना ठेवणाऱ्याच्या मनात 31 रोमन अक्षरं असतात. देवनागरीत त्यात 10 चिन्हं बसतात आणि एक बाइट वाया जातो. 'ज्ञानेश्वर' हे नुसतं नाव तो खाना भरून टाकतं, आडनावाला जागा नाही. आता 'महाराष्ट्र' 20 बाइटच्या बफरमध्ये स्ट्रएलकॉपीने उतरवून पाहा. शून्याला एक सोडून 19 बाइट उरतात. 18 बाइटांत 'महाराष' बसतं आणि एकोणिसावा बाइट हा पायमोडाच्या तिनांपैकी पहिला. शेवटी शून्य आहे, सीच्या दृष्टीने सगळं चोख आहे, पण हा मजकूर आता यूटीएफ-8 म्हणून वैधच नाही. पडद्यावर शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन दिसेल, आणि कडक तपासणी करणारा डेटाबेस अख्खी नोंद परत पाठवेल.

यावर अर्धा उपाय सोपा आहे, कारण यूटीएफ-8 ची रचनाच त्या दृष्टीने केलेली आहे. केन टॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी ती सप्टेंबर 1992 मध्ये प्लॅन 9 या प्रणालीसाठी आखली. अनेक बाइटांच्या कुठल्याही चिन्हात शून्य बाइट येणार नाही याची त्यांनी खबरदारी घेतली, म्हणून तर मराठी मजकूर सीच्या जुन्या फंक्शनांतून सुखरूप जाऊ शकतो. यूटीएफ-16 मध्ये इंग्रजी मजकुरात दर दुसरा बाइट शून्य असतो आणि स्ट्रकॉपी पहिल्याच अक्षरावर थांबतं. शिवाय चिन्हाचा पहिला बाइट आणि मागचे बाइट यांच्या किमतींचे पट्टे वेगळे आहेत. 128 ते 191 मधला बाइट नेहमी आधीच्या चिन्हाची शेपटी असतो. कापायच्या जागेच्या लगेच पुढचा मूळ बाइट या पट्ट्यातला असेल तर आपण चिन्हाच्या मधोमध आहोत, आणखी मागे सरायचं. तसं केलं की 'महाराष' हा वैध मजकूर मिळतो.

वैध, पण मराठी नव्हे. ष्ट्र हे एक अक्षर फोडून त्याचा पहिला तुकडा ठेवणं कुठल्याही वाचकाला खुपेल. कापायचंच तर 'महारा' एवढ्यावर कापायला हवं. कुठली चिन्हं मिळून एक अक्षर होतं याचे नियम युनिकोडने दिले आहेत आणि देवनागरी जोडाक्षरं अखंड धरण्याचा नियम त्यात 2023 च्या 15.1 आवृत्तीत आला. ते नियम हाताने लिहू नयेत, आयसीयूसारखी लायब्ररी वापरावी. आणि मुळात खाने मोजताना चिन्हाला तीन बाइट धरावेत. आपल्याकडे मराठी नावं, गावं, सर्व्हे नंबरांच्या नोंदी साठवणाऱ्या व्यवस्था दिवसेंदिवस वाढत आहेत. त्यातला एखादा खाना तोकडा पडून कुणाचं नाव तुटलं, तर त्याचा मनस्ताप त्या माणसाला होतो, प्रोग्रामरला नाही.

लांबी दोन ठिकाणी दोन रीतींनी मोजली जाणं ही या विषयातली सर्वात फसवी जागा. 2009 मध्ये लास वेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डॅन कमिन्स्की यांनी दाखवून दिलेला प्रकार असाच. वेबसाइटच्या प्रमाणपत्रात साइटचं नाव लांबीसह लिहिलेलं असतं, त्यामुळे नावात मधोमध शून्य बाइट घालता येतो. आधी एखाद्या बँकेचं नाव, मग शून्य, मग स्वतःच्या मालकीच्या साइटचं नाव, असा अर्ज केला की प्रमाणपत्र देणारी संस्था शेवटचा भाग पाहून मालकी मान्य करते. ब्राउझरमधली सीची तुलना मात्र शून्यापाशी थांबते आणि तिला दिसते फक्त बँक.

याहून बोलकं उदाहरण सुडोचं आहे. साध्या वापरकर्त्याला ठरावीक कामापुरते मालकाचे अधिकार देणारा हा कार्यक्रम जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असतो. 26 जानेवारी 2021 रोजी क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी जाहीर केलं की त्यातल्या एका चुकीमुळे कुठलाही साधा वापरकर्ता पासवर्डाविना पूर्ण अधिकार मिळवू शकतो. चूक जुलै 2011 पासून तिथे होती. आणि ती होती मजकूर जोडण्यातली.

सुडोला आज्ञेसोबत आलेले सगळे शब्द एका बफरमध्ये जागा सोडून जोडायचे होते. त्याने अगदी शिस्तीत आधी प्रत्येक शब्दाची लांबी मोजली, प्रत्येकी एक मिळवला आणि बेरजेइतकी जागा मागून घेतली. मग नक्कल करताना एक बारीक काम होतं. काही चिन्हांआधी आलेला बॅकस्लॅश गाळायचा आणि पुढचं चिन्ह तसंच उतरवायचं. म्हणजे बॅकस्लॅश दिसला की एक पाऊल पुढे, तिथला बाइट उचलायचा, पुन्हा पुढे. आता शब्दाच्या अगदी शेवटी बॅकस्लॅश असेल तर? एक पाऊल पुढे असतं ते शून्य. कोडने तेही साधं चिन्ह समजून उतरवलं आणि पुढे निघाला. थांबायची खूण ओलांडली गेली. पलीकडे मेमरीत जे होतं, पुढचे शब्द किंवा वापरकर्त्याने स्वतः ठरवलेली एन्व्हायर्नमेंटमधली मूल्यं, ते सगळं बफरमध्ये ओतलं जाऊ लागलं. जागा मोजताना लांबी शून्यापर्यंतची धरली होती. उतरवताना शून्य मानलंच गेलं नाही.

वास्तविक असा एकटा बॅकस्लॅश शेवटी येऊच नये अशी व्यवस्था होती. आधीच्या टप्प्यावर प्रत्येक खास चिन्हाआधी बॅकस्लॅश लावला जात असे, त्यामुळे शेवटचा एक असेल तर त्याचे दोन होत. पण फाइल संपादनासाठीच्या 'सुडोएडिट' या नावाने कार्यक्रम चालवून एक विशिष्ट पर्याय दिला की लावण्याचा टप्पा टळे आणि काढण्याचा टप्पा मात्र चाले. दुरुस्तीत दोन्ही बाजू बांधल्या गेल्या: बॅकस्लॅशपुढे शून्य आहे का हे पाहायचं, आणि सुडोएडिटला तो पर्यायच स्वीकारू द्यायचा नाही.

सुडोची देखभाल गेली कित्येक वर्षं टॉड मिलर करतात. स्ट्रएलकॉपी लिहिणारे तेच. या विषयात त्यांच्याइतका खोल विचार केलेली माणसं जगात मोजकी असतील. त्यांच्या हाताखालच्या कोडात ही चूक साडेनऊ वर्षं राहिली, कारण तिथे कुठलंही धोकादायक फंक्शन नव्हतंच. होता तो हाताने लिहिलेला चार ओळींचा फेरा. फंक्शनांची बंदीयादी करून सुरक्षितता येते असं मानणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण नीट अभ्यासावं असं मला मनापासून वाटतं. मोजणारा कोड आणि लिहिणारा कोड वेगळे असले की केव्हातरी त्यांचं एकमत मोडतं.

म्हणून अनुभवी मंडळींनी वेगळी वाट धरली: मजकूर, त्याची लांबी आणि जागेचा आकार या तिन्हींचा एकच गठ्ठा करायचा आणि लिहिण्याचं काम त्या गठ्ठ्याच्या मोजक्या फंक्शनांकडेच सोपवायचं. जागा कमी पडली तर ते फंक्शन स्वतः मोठी जागा मिळवतं, आणि बाइट ठेवताना लांबीही तेच वाढवतं. बर्नस्टाइन यांच्या क्यूमेल या मेल सर्व्हरमध्ये हे होतं, रेडिस या डेटाबेसमध्ये आहे, कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्येही आहे. लांबी जवळ असल्याने जोडताना शून्य शोधत चालत जावं लागत नाही, वेगही मिळतो. मोटारींच्या किंवा यंत्रांच्या नियंत्रकांसाठी कोड लिहिणाऱ्यांना, पुण्यात अशी मंडळी पुष्कळ आहेत, चालू कामात नवी मेमरी मागायची बहुधा मुभा नसते. त्यांनी बफर ठरावीक आकाराचा ठेवावा, पण आकार आणि लांबी त्याच गठ्ठ्यात असू द्यावी आणि 'मावलं नाही' ही स्थिती एका खुणेत जपावी. दहा तुकडे जोडून झाल्यावर ती खूण एकदा तपासली तरी पुरतं.

साचा ठरलेला मजकूर बनवायचा असेल तर 1999 च्या प्रमाणातलं 'एसएनप्रिंटएफ' उपयोगी आहे. त्याला शून्य आकार दिला तर ते काहीच लिहीत नाही, फक्त किती लागेल ते सांगतं; तेवढी जागा अधिक एक घ्यायची आणि त्याच साच्याने पुन्हा बोलवायचं. इथे मोजणारा आणि लिहिणारा कोड एकच राहतो. एक पथ्य: ज्या बफरमध्ये लिहायचं तोच साच्यात वाचायला देऊ नये, वाचायची आणि लिहायची जागा एकमेकींवर आल्यास काय होईल याची हमी सी देत नाही.

गिटच्या मूळ कोडात 2018 पासून एक छोटी फाइल आहे. स्ट्रकॉपी, स्ट्रकॅट, स्ट्रएनकॉपी यांची नावं तिथे अशा रीतीने नव्याने बांधली आहेत की कुणी ती वापरली तर कोड कंपाइलच होत नाही आणि हे फंक्शन बंद आहे असा संदेश दिसतो. पर्याय म्हणून वर सांगितलेला गठ्ठा आहेच. शिवाय एसएनप्रिंटएफवर बसवलेलं त्यांचं स्वतःचं एक फंक्शन आहे, जिथे मजकूर मावायलाच हवा अशा जागांसाठी. ते कापत नाही. मावलं नाही तर ही कार्यक्रमातली चूक आहे असं जाहीर करून काम तिथल्या तिथे थांबवतं.